चौकशी सुरू झाली, वार्ताहर कुठे गेला?

30 जून 2025 रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरातल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या. आत छळ होतो, ही त्यांची तक्रार होती. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, त्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि विषय विधिमंडळातही पोहोचला. पत्रकारांनी आपले काम केले. पण निम्मेच.

बालगृहांची तपासणी किमान तीन महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे, असे बाल न्याय कायदा सांगतो. पथकात किमान तिघे हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवडाभरात द्यायचा. पोलिसांच्या प्रेसनोटप्रमाणे हा कागद वार्ताहराच्या टेबलावर आपसूक येत नाही. तो मागावा लागतो, आणि मुलींवर पळून जायची वेळ येण्याआधी मागावा लागतो.

पाठपुराव्याने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या आश्रमातल्या हालांच्या बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. विषय एका आश्रमापुरता राहिला नाही. न्यायालयाने नेमलेली समिती इतर संस्थाही पाहू लागली आणि 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या बालगृहात मुलींवर झालेल्या अत्याचारांचा भयंकर प्रकार उजेडात आला. मार्च 2013 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. ऑस्ट्रेलियात ‘न्यूकॅसल हेराल्ड’च्या जोअॅन मॅकार्थी चर्चमधल्या अत्याचारांवर वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. 2012 मध्ये तिथल्या सरकारला राष्ट्रीय चौकशी आयोगाची घोषणा करावी लागली.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचा धडा मात्र जास्त झोंबणारा आहे. तिथले बालिकागृह चालवणारा ब्रजेश ठाकूर स्वतःच वर्तमानपत्राचा मालक होता! मुलींचे हाल उघडकीस आले ते ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’च्या सामाजिक लेखापरीक्षणातून. पुढे पाटणा उच्च न्यायालयाने तपासाच्या वार्तांकनावर बंदी घातली. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. पण मुलींची छायाचित्रे, चेहरा धूसर करूनसुद्धा, दाखवायची नाहीत असेही याच न्यायालयाने बजावले होते, आणि ते योग्यच होते. चेहरा झाकून गल्ली, शाळा आणि आईचे दार दाखवले, तर गावाला ओळखायला आणखी काय लागते? ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम 23 नुसार तो गुन्हाच आहे.

तेव्हा कॅमेरा मुलींकडून वळवून कार्यालयांकडे न्यावा. संभाजीनगरच्या प्रत्येक दैनिकात पोलीस आणि महापालिकेसाठी वार्ताहर असतो, तसाच एक बालगृहांसाठीही नेमावा. शेवटची तपासणी कधी झाली, पथकातले वैद्यकीय अधिकारी कोण होते, मुलांशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत कोणी बोलले का, आणि ‘विद्यादीप’मधल्या मुली आज कोणाच्या देखरेखीखाली आहेत, हे त्याने दर तीन महिन्यांनी विचारावे आणि मिळालेले उत्तर पहिल्या पानावर छापावे.