नोकरी पक्की, पुढचं काय?

‘नर्सिंगला आहेस ना? मग काय, नोकरी पक्की!’ बारावीनंतर सीईटी देऊन नर्सिंगला गेलेल्या प्रत्येक मुलीनं हे वाक्य डझनभर वेळा तरी ऐकलेलं असतं. आत्या म्हणते, शेजारचे काका म्हणतात, बँकेत शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर सही करणारे साहेबही म्हणतात. मुलांनाही ते ऐकायला मिळतं, फक्त त्याआधी त्यांना ‘तू कशाला नर्सिंगला?’ हा प्रश्न पचवावा लागतो. वाक्य तसं खोटं नाही. अडचण एवढीच, की घरातली चर्चा तिथेच संपते. इंजिनीअरिंगवाल्याला लोक विचारतात, पुढे एमएस की एमबीए? एमबीबीएसवाल्याला विचारतात, पीजी कशात करणार? नर्सिंगच्या पोरीला असं काही कुणी विचारत नाही. कुणी विचारत नाही म्हणून मग तीही स्वत:ला विचारत नाही. पाच वर्षं जातात, सात जातात, रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ येते आणि तेव्हा लक्षात येतं की आपण जिथे होतो तिथेच आहोत.

याने नक्की बिघडतं काय, ते बघायला रात्री अडीच-तीनला वॉर्डात जायला हवं. एकाच बॅचच्या दोघी नाइटला आहेत. दोघींकडे पेशंट सारखेच, चार्ट सारखेच. एकीच्या चार्टवर सगळ्यांचा श्वास मिनिटाला २०. बेड नंबर चारचाही २०, नऊचाही २०. तिनं मोजलेला नाही, लिहिलेला आहे. दुसरी नऊ नंबरच्या आजोबांजवळ मिनिटभर थांबली. संध्याकाळी १८ होता तो आता २६ आहे. बीपी ठीक, ताप नाही, आजोबा झोपलेत. तरी तिनं निवासी डॉक्टरांना उठवलं. पेशंट खालावायला लागला की श्वासाची गती बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलते, हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात दोघींनीही वाचलेलं असतं. श्वास मोजायला मशीन लागत नाही, मनगटावरचं घड्याळ पुरतं. फरक पडला तो वाचलेलं पुढे कुणी वापरात ठेवलं आणि कुणी गंजू दिलं याचा.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनं १९८४मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तिचं नाव येतं, परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्नही येतो आणि नंतर आपण ते विसरतो. नवखी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या तिनं मांडल्या. त्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिसरी पायरी, जिथे नर्सला ‘हिला आता काम येतं’ असं म्हणता येतं. ती साधारण एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं काढल्यावर येते, असं बेनरचं म्हणणं होतं. आणि आणखी एक: वॉर्ड पूर्ण बदलला की अनुभवी बाईही पुन्हा खालच्या पायरीवर येते. आयसीयूतली हुशार सिस्टर लेबर रूममध्ये गेली की पहिले काही महिने नवशिकीच असते. २०२०मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. डोळ्यांच्या, हाडांच्या वॉर्डातल्या परिचारिका एका आठवड्यात कोविड आयसीयूत उभ्या केल्या गेल्या. त्यांनी ते निभावलं, पण कशाच्या बळावर आणि किती ताणाखाली, ते त्यांनाच विचारा.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं जरा न आवडणारं आहे. पहिल्या दोन वर्षांत दीड-दोन हजार जास्त मिळतात म्हणून दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलू नका. हॉस्पिटल छळत असेल तर जरूर सोडा, तो भाग वेगळा. पण नुसत्या पगारावर उड्या मारल्या तर हाताला वळण लागत नाही. जिथे केसेस येतात, जिथे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी एखादी तरी सीनियर आहे, तिथे टिका. इनचार्ज सिस्टर रागीट असली तरी चालेल. रागीट सिस्टर सहसा जास्त शिकवतात, असा आमच्या ओळखीतल्या निम्म्या नर्सेसचा अनुभव आहे.

आता कागदोपत्री शिक्षणाचं. रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं तर पाच वर्षांत १५० तासांचं सतत शिक्षण, म्हणजे सीएनई, हे भारतीय परिचर्या परिषदेनं ठरवलेलं माप. नूतनीकरण होतं राज्याच्या परिषदेकडे. आकडा मोठा वाटतो, पण हिशोब करा. वर्षाला ३० तास, महिन्याला अडीच. एका सिनेमाएवढा वेळ. तरी होतं काय, तर चार वर्षं कुणी फिरकत नाही आणि पाचव्या वर्षी सगळ्या सर्टिफिकेट गोळा करत पळतात. हॉल भरलेला, मागच्या रांगेत मोबाइल, मध्ये चहा-समोसा, शेवटी सही. विषय कुठला होता ते बसमध्ये बसेपर्यंत विसरलेलं. हा दोष एकट्या नर्सेसचा नाही. बारा तासांच्या ड्युटीनंतर, आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी कार्यशाळा ठेवली तर डोळे मिटणारच.

इंग्लंडमध्ये हेच काम जरा वेगळ्या पद्धतीनं चालतं, आणि ती पद्धत घेण्यासारखी आहे. तिथे दर तीन वर्षांनी नूतनीकरण होतं. शिकण्याचे तास फक्त ३५ लागतात, पण त्यातले २० तास इतरांबरोबर बसून शिकलेले हवेत. शिवाय पाच टिपणं स्वत: लिहून द्यायची: काय घडलं, त्यातून मी काय शिकले, माझ्या कामात काय बदललं. आणि त्यावर दुसऱ्या एका नोंदणीकृत नर्सशी बसून बोलायचं. आपल्याकडे ही टिपणं कुणी मागत नाही. मागितली नाहीत तरी लिहायला कोण अडवतंय? दोनशे पानी वही घ्या. आठवड्यातून एकदा पंधरा ओळी. पेशंटचं नाव, नंबर काहीही नको. ‘इन्फ्युजन पंपचा रेट चुकीचा लावला होता, दहा मिनिटांत लक्षात आलं, कारण डोसचा हिशोब घाईत केला’ एवढं पुरे. असं महिन्यात तीनदा लिहावं लागलं, की पुढचा कोर्स कुठला करायचा ते वहीच सांगते.

कारण कोर्स आता पुष्कळ आहेत आणि गोंधळही तेवढाच आहे. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीधर होता येतं. हे लवकर उरका. लग्न, मूल, बदली या गोष्टी एकदा सुरू झाल्या की दोन वर्षं सलग काढणं अवघड जातं, विशेषत: मुलींना, हे बरोबर नाही, पण आहे. पदवीनंतर वर्षभराचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, नवजात अर्भकांची शुश्रूषा, ऑपरेशन थिएटर, मानसिक आरोग्य, कर्करोग. कर्करोग शुश्रूषेसाठी तर मुंबईचं टाटा मेमोरियल आपल्या दारातच आहे. एमएस्सीला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. ही अट अनेकांना जाच वाटते. आमच्या मते ती एक वर्षाऐवजी दोन वर्षांची असायला हवी होती. वॉर्ड न बघता एमएस्सी झालेल्या ट्यूटर मॅडम विद्यार्थ्यांना काय शिकवतात, ते विद्यार्थ्यांनाच विचारा.

यापेक्षा कमी लोकांना माहीत असलेल्या दोन वाटा आहेत. एक, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, बहुतेक सगळा आयसीयूत प्रत्यक्ष काम करत. दुसरी, मिडवाइफरीची. केंद्र सरकारनं २०१८मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा १८ महिन्यांचा कोर्स आला. नॉर्मल बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफच्या हातून व्हावं, अडचण असेल तिथे डॉक्टर यावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम. पण पदं किती, अधिकार किती, पगार किती, हे प्रवेश घेण्याआधी तिथल्याच पास झालेल्या दोघी-तिघींना फोन करून विचारा. माहितीपत्रकात ते नसतं.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर एम्सची नॉरसेट बहुतेकांना ठाऊक आहे. बीएस्सीवाल्यांना थेट देता येते, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. मूळ वेतन ४४,९०० रुपये, त्यामुळे गर्दी असणारच. राज्याच्या सेवेत अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका अशी शिडी आहे, पण ती बरीचशी सेवाज्येष्ठतेवर चालते. तुम्ही काय शिकलात याच्याशी तिचा संबंध थोडा. क्रिटिकल केअरचा डिप्लोमा करून आलेल्या मुलीला बदलीत ओपीडीत इंजेक्शन रूमवर बसवलं जातं, हे आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही. शिकलेल्या माणसाला त्याच्या जागी बसवणं हीसुद्धा व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि ती व्यवस्था पाळत नाही, हे इथे स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

खासगीतली गोष्ट पैशांची. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली: २००पेक्षा जास्त खाटा असतील तर नर्सला सरकारी नर्सएवढा पगार, आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिना २० हजारांपेक्षा कमी नको. इतक्या वर्षांनंतर तुमच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये काय देतात ते तुम्हाला माहीत आहे. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणं हा प्रकारही अजून चालतो. ओरिजिनल देऊ नका. नोकरी लागत असली तरी देऊ नका. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत ठेवा. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या कपाटात असताना पुढचं शिक्षण, परीक्षा, परदेश, कशाचंच नियोजन होत नाही.

परदेश म्हटलं की डोळे चमकतात, साहजिक आहे. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सिंगही आहे. पण जर्मनीला जायचं तर बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते, आणि ड्युटी करत ती गाठायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. इंग्लंडला आयएल्ट्समध्ये ७, लेखनात ६.५, किंवा ओईटी. त्यानंतर संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. अमेरिकेला एनक्लेक्स. म्हणजे तिसऱ्या वर्षी ठरवलं तर पदवीनंतर दोन वर्षांत जमतं. नोकरीला कंटाळून ठरवलं तर एजंटच्या हातात पडता. लाखभर रुपये आगाऊ मागणारा एजंट दिसला की तिथून उठायचं.

आणि हो, सगळ्यांनी बाहेर जायलाच हवं असंही नाही. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा चांगल्या घरातल्या बाईनं हे काम करायचं नाही असं समाज म्हणत होता. आज समाज ‘नोकरी पक्की’ म्हणतो. एवढा पल्ला गाठला, पण ‘हिला यातलं जास्त कळतं, हिला विचारा’ असं नर्सबद्दल म्हणायला अजून जीभ रेटत नाही. केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची ४२ वर्षं शुश्रूषा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी बाईंना त्यांनी बेडसोअर होऊ दिले नाहीत. त्याचं कौतुक माया म्हणून झालं. ते कसब म्हणूनही व्हायला हवं होतं. कितीदा कूस बदलायची, त्वचेवर कुठे लाली आली, आहारात काय कमी पडतंय, हे बघण्याचं शिक्षण एका पिढीच्या सिस्टरनं दुसरीला दिल्याशिवाय ४२ वर्षं चालत नाही.

तुम्ही शेवटच्या वर्षाला असाल तर आत्ता एक काम करा. कॉलेजचं प्रोसिजर लॉगबुक, ज्यात प्रत्येक कामापुढे मॅडमची सही आहे, ते परीक्षा झाली म्हणून रद्दीत घालू नका. पुढे परदेशातल्या नोंदणीसाठी कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, प्रात्यक्षिकाचे किती, असा तपशील कॉलेजकडून मागवावा लागतो. तेव्हा ऑफिसमधले क्लार्क बदललेले असतात आणि रजिस्टर सापडत नसतं. विषयवार तासांचा दाखला आत्ताच, निकालाबरोबर मागून घ्या. आणि त्याच लॉगबुकची पानं चाळून बघा, कुठल्या कामापुढे सही आहे पण ते तुम्ही खरं तर लांब उभं राहून फक्त पाहिलं होतं. त्या ओळींवर पेन्सिलीनं खूण करा. पोस्टिंग संपायला अजून काही आठवडे असतील, सकाळच्या ड्युटीला अर्धा तास लवकर जा आणि सिस्टरना म्हणा, हे माझ्याकडून एकदा करून घ्याल का?