कामगार तेच, कारखाना तोच!

"आमचे कामगार कामच करत नाहीत हो, नवीन मशीन आणलं तरी आउटपुट तेवढंच!" पनवेलमध्ये राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला रसायनी-पाताळगंगा. बोलणारा बहुतेक वेळा मॅनेजर असतो आणि माना डोलावणारे आपण आयटीवाले.

मला हे साफ अमान्य आहे.

मंडळी, आपलंच बघा ना. नोकरीला लागल्यावर आपल्याला काही महिने पगार देऊन शिकवतात. आपण चुकीचा कोड टाकला तर फार फार तर सर्व्हर झोपतो. जुना कोड परत चढवला की झालं. रिअॅक्टरचा व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडला तर 'अन-डू' नसतं राव! तरी त्या व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी पोराला पुष्कळदा मिळतं काय? एक हेल्मेट आणि रजिस्टरवर सही. झालं ट्रेनिंग!

"माणसंच तशी" म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना दांड्या, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. जनरल मोटर्सने तो १९८२ साली बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. पण शेकडो जणांना जपानला नेऊन शिकवलं आणि अडचण दिसली की दोर ओढून लाईन थांबवायची मुभा प्रत्येकाला दिली. थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला, दांड्याही घटल्या. त्याच दशकात जनरल मोटर्सने इतरत्र रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतले. तिथे ही जादू झाली नाही.

आणि अमेरिकेत तरी कशाला जायला हवं? १९६०च्या दशकात सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारला, तेव्हा ट्रकच्या आधी ट्रेनिंगचा विभाग उभा केला. आधी माणूस, मग मशीन.

"शिकवलं की पोरं सोडून जातात" हे ठरलेलं उत्तर. जातात ना, आपण नाही का जात? पण न शिकलेला पोरगा राहिला, तर तो व्हॉल्व्ह उद्याही त्याच्याच हातात असणार.

नवीन मशीन जरूर आणा. पण ते चालवणाऱ्याला शिकवायचं नाही, तो काही सुचवेल तर ऐकायचं नाही आणि वर्षाअखेरीस खापर मात्र त्याच्याच डोक्यावर फोडायचं, याला मॅनेजमेंट म्हणत नाहीत. याला हात झटकणं म्हणतात.