ओसरीवरचे बोलणे

1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य झाली. वर्तमानपत्रांनी मात्र साऱ्या स्त्रीजातीचीच लक्तरे काढली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्यांना जाब विचारला. बायका आपसांत बोलतात तशी रोखठोक, झोंबणारी भाषा त्यांनी छापखान्यात नेली, हे मला त्यांचे सर्वांत मोठे धाडस वाटते. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा उजेडात आणले.

कोणत्या घरी सून मार खाते, कोणापासून लेकीबाळींना जपायचे, हे बायकांना आपसांतल्या अशाच बोलण्यातून, कुजबुजीतून कळत आले. कोर्टकचेरी त्यांच्यासाठी नव्हतीच. पण याच कुजबुजीच्या धाकाने गरोदर विधवा विहीर जवळ करत. म्हणून तर फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात त्यांच्यासाठी गुपचूप बाळंत होण्याची सोय केली.

तुमच्या आजी-पणजीच्या तोंडच्या अशा हकिकती आम्हाला हव्या आहेत. नावे छापू नका म्हणालात, तर छापणार नाही.