रुग्णाआधीचा सराव

आज १ जुलै, डॉक्टर दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही. या दिवशी सत्कार होतात, रक्तदान शिबिरे भरतात, डॉक्टरांवरील हल्ल्यांचा निषेध होतो. ते सारे व्हायलाच हवे. यंदा मात्र ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर सहसा न येणारा एक प्रश्न विचारायचा आहे. सर्जन होऊ घातलेला निवासी डॉक्टर आपला हात नेमका कोणावर बसवतो?

उत्तर कोणाला ठाऊक नाही असे नाही. तो सार्वजनिक रुग्णालयातल्या जनरल वॉर्डातल्या रुग्णावर बसवतो. विल्यम हॉल्स्टेड यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ पासून निवासी प्रशिक्षणाची जी घडी बसवली, तिच्याच वळणाने जगभर सर्जन तयार होत आले. आधी नुसते पाहायचे, मग रिट्रॅक्टर धरायचा, मग टाके घालायचे आणि असे करत करत एक दिवस अख्खी केस हातात यायची. या पद्धतीने उत्तमोत्तम सर्जन दिले, कारण तिच्यात एक भक्कम आधार होता. शिकवणारा आणि शिकणारा एकाच टेबलाशी उभे असत. चुकीच्या दिशेने जाणारा हात वरिष्ठांना तिथल्या तिथे धरता येई. शिवाय वरिष्ठांनाही त्या दुसऱ्या हातांची गरज असे, त्यामुळे शिकणाऱ्याला टेबलाशी जागा मिळतच असे.

रोबोटने हा आधारच काढून घेतला. अमेरिकेत २००० मध्ये ‘दा विंची’ यंत्रणेला मान्यता मिळाली आणि सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलमध्ये डोके घालून बसू लागला. कॅमेरा त्याच्याच ताब्यात आणि अवजारेही त्याच्याच ताब्यात. जवळपास सगळी शस्त्रक्रिया तो एकटा करू शकतो. रेसिडेंट रुग्णाशेजारी उभा राहून अवजारे बदलतो, सक्शन देतो, नाहीतर पडद्यावर पाहत बसतो. मॅट बीन या अभ्यासकाने अमेरिकी रुग्णालयांत हेच पाहिले आणि २०१९ मध्ये लिहिले. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या बहुतेकांना रोबोटवर पुरेसे काम मिळालेलेच नव्हते. ज्या थोड्यांना ते जमले, त्यांनी ठरलेल्या वाटेबाहेर जाऊन शिकून घेतले होते. कोणी सिम्युलेटरवर तासन्‌तास बसले होते, कोणी शस्त्रक्रियांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले होते, कोणी पुरेशा देखरेखीविना रुग्णावरच धडपडले होते. यातली शेवटची गोष्ट वाचून अस्वस्थ व्हायला होते, आणि व्हायलाच हवे.

सिम्युलेटरवर नेमके काय होते, ते जवळून पाहावे. भिंगांना डोळे लावले की समोर एक वाकडीतिकडी तार दिसते आणि तिच्यात ओवलेली कडी. तारेला धक्का न लावता ती कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची असते. मध्येच ती डाव्या चिमट्यातून उजव्यात द्यायची, क्लचचे पेडल दाबून हात सोयीच्या जागी आणायचे, दुसऱ्या पेडलने कॅमेरा सरकवायचा. नवख्याची पहिली चूक ठरलेली असते. तो एका हाताकडे पाहत राहतो आणि दुसरे अवजार नजरेच्या कक्षेबाहेर जाते. पडद्यावर यंत्र तेवढी नोंद करते. खऱ्या पोटात त्याच टोकाने आतड्याला इजा झाली असती आणि ती कदाचित दोन दिवसांनी, ताप चढल्यावर कळली असती.

दुसरी अडचण स्पर्शाची. आजवर वापरात असलेल्या बहुतेक दा विंची यंत्रांत ऊतकाचा ताण हाताला जाणवत नाही. तशी सोय असलेल्या नव्या पिढीच्या यंत्राला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. जुन्या यंत्रांवर मात्र धागा किती ताणला गेला, हे बोटांना कळायचे ते डोळ्यांनी ओळखावे लागते. गाठ बसताना ऊतक पांढुरके पडू लागले की थांबायचे. ही नजर पुस्तकाने येत नाही, पुन्हा पुन्हा करूनच येते. सिम्युलेटर लागलेला वेळ मोजतो, अवजाराचे टोक किती भटकले ते मोजतो, अवजारे एकमेकांवर किती आदळली आणि किती ठिकाणी जास्त जोर लागला, तेही मोजतो. अशी काटेकोर तपासणी कितीही दक्ष युनिट हेडला दर वेळी शक्य नाही.

याचा उपयोग होतो का? येल विद्यापीठातील सोळा रेसिडेंटवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय रोबोटचा नव्हता, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा होता. निम्म्यांनी, अनुभवी सर्जननी गाठलेली पातळी येईपर्यंत आधी आभासी सराव केला. नंतर खऱ्या शस्त्रक्रियेत त्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती. यात कळीची गोष्ट ‘पातळी येईपर्यंत’ ही आहे. किती तास बसला याला महत्त्व नव्हते, जमले का याला होते.

आपल्याकडे हा विचार उसना आणावा लागत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच सरावाचा आहे. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी घ्यावी, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन शिकावे, शिरावेधासाठी कमळाचा देठ वापरावा, टाके कापडावर आणि मऊ कातड्यावर घालावेत, पट्ट्या बाहुल्याच्या अवयवांवर बांधाव्यात, अशी तिथे यादीच आहे. भरपूर शास्त्र शिकलेला शिष्यही हा सराव केल्याशिवाय कामाला लायक ठरत नाही, असे सुश्रुतांनी स्वच्छ बजावले आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या निकषांनी किमान ६०० चौरस मीटरची कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली. ती एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना धरून. दरम्यान रोबोट झपाट्याने पसरत आहेत, गुरुग्राममध्ये तयार झालेला ‘मंत्र’ही बाजारात आहे. यंत्रावर कोट्यवधी खर्च करून सिम्युलेटर त्याच ओटीतल्या कन्सोलला जोडला, की तो दिवसभर मोकळा मिळत नाही. रात्री मिळतो, तेव्हा रेसिडेंट इमर्जन्सीत असतो किंवा ड्युटी संपवून झोपेने कोसळलेला असतो. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवू नये, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले आहे. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या संपांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतो. छत्तीस तास जागलेल्या मुलाला सिम्युलेटरवर बसवून काही शिकवता येत नाही.

सिम्युलेटरने सर्जन घडतो असे कोणी समजू नये. अचानक रक्तस्राव झाल्यावर मन ताळ्यावर ठेवणे, रोबोट बाजूला करून पोट उघडण्याचा निर्णय वेळेत घेणे, हे वरिष्ठांच्या शेजारीच शिकायचे आहे. पण कडी-तार आणि पेडलची गफलत तरी रुग्णाच्या पोटात होऊ नये. खासगी रुग्णालयात पैसे मोजणारा रुग्ण अनुभवी हात निवडू शकतो. केसपेपर काढून रांगेत बसलेल्या बाईला तो पर्याय नाही. तिच्या वाट्याला येणारा हात आधी तयार झालेला असावा, ही जबाबदारी सरकारची आहे.

सरकारी महाविद्यालयासाठी रोबोटची पुढची निविदा निघेल, तेव्हा तीन गोष्टी तिच्यातच असाव्यात. ओटीबाहेर ठेवलेला स्वतंत्र सिम्युलेटर, आठवड्यातली एक दुपार ड्युटीच्या वेळापत्रकात सरावासाठी राखून ठेवण्याची हमी, आणि विभागातल्या वरिष्ठांनी स्वतः बसून ठरवलेली पातळी, जी गाठल्याची नोंद लॉगबुकात झाल्याशिवाय कोणालाही रुग्णासाठी कन्सोलवर बसता येणार नाही. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.