अकरा तालुक्यांचा धावफलक

संघ निवडण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. भारतीय संघ जाहीर झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बीडच्या बसस्थानकासमोरच्या कोणत्याही टपरीवर निवड समितीपेक्षा सरस असे दहा-पंधरा जाणकार सापडतात. कोणाला घेतले, कोणाला वगळले, कोणाच्या मागे कोणाचा हात आहे, याची साद्यंत चर्चा होते आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे या प्रश्नावर बैठक बरखास्त होते. या हौसेला नियमांची चौकट घातली, की जो खेळ तयार होतो त्याला जगभर ‘फँटसी लीग’ म्हणतात. आम्ही त्याला ‘कागदी संघ’ म्हणतो. २०११ च्या विश्वचषकापासून बारा जणांची अशी एक कागदी स्पर्धा मी बीडमध्ये चालवतो, आणि तिने मला आपल्या जिल्ह्याच्या क्रीडाजीवनाविषयी जे दाखवले, ते आज वाचकांपुढे ठेवायचे आहे.

खेळ असा. हंगामाच्या तोंडावर आम्ही बाराजण जमतो. त्यांत औषध दुकानदार आहे, एसटीचा निवृत्त वाहक आहे, दोन शिक्षक आहेत, विहिरीवरच्या मोटारी भरून देणारा एक कारागीरही आहे. प्रत्येकाला शंभर लुटुपुटीचे रुपये मिळतात. खऱ्या खेळाडूंचा लिलाव करून त्यातून पंधरा जणांचा संघ बांधायचा. पुढे मैदानावर त्या खेळाडूने काढलेली धाव, घेतलेला बळी, टिपलेला झेल यांचे गुण त्याच्या कागदी मालकाच्या खात्यावर जमा होतात. हिशेबाची वही माझ्याकडे. दर रविवारी तो वाचून दाखवायचा आणि उठलेली भांडणे मिटवायची, हे चालकाचे काम. सुपर ओव्हरमधल्या धावा धरायच्या की नाही, या वादात आमचे दोन रविवार गेले आहेत. खरा पैसा एकही लागत नाही. जो शेवटचा येईल त्याने हिवाळ्यात सर्वांना आपल्या किंवा उसन्या शेतावर हुरडा खाऊ घालायचा, एवढीच शिक्षा.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु या उद्योगात एक विद्या दडलेली आहे. विराट कोहली किंवा बुमराह किती मोठा, हे सर्वांनाच ठाऊक असते. लिलावात त्यांच्यावर चाळीस रुपये गेले, की उरलेल्या साठांत चौदा जण बसवायचे असतात. म्हणून ही स्पर्धा नामवंतांच्या जोरावर जिंकता येत नाही. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, असा एका रुपयात मिळणारा खेळाडू आधी ओळखणारा माणूस जिंकतो. दुर्लक्षितांकडे लक्ष देणे, ही या खेळाची खरी विद्या.

मूळ आहे धावतक्त्यात

या प्रकाराचा उगम अमेरिकेतला, आणि तोही बेसबॉलमधला. डॅनियल ओक्रंट या लेखक-संपादकाने १९८० साली आपल्या मित्रांसह न्यूयॉर्कमधल्या एका फ्रेंच खाणावळीत अशी पहिली स्पर्धा उभी केली. खाणावळीचे नाव ‘ला रोटिसरी फ्रांसेज’, म्हणून तिला ‘रोटिसरी लीग’ हे नाव पडले. प्रत्येक मालकाने २६० डॉलरांत २३ खेळाडू घ्यायचे, असा नियम होता. हेच ओक्रंट पुढे २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पहिले लोकसंपादक झाले.

संगणक घरोघरी नव्हते त्या काळात हे मित्र हिशेब कशावर करत? वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या धावतक्त्यावर. बेसबॉलच्या सामन्याचा असा तक्ता रूढ केला तो हेन्री चॅडविक यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. चॅडविक जन्माने इंग्रज, आणि क्रिकेटचे वार्ताहर. क्रिकेटचा धावफलक डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी बेसबॉलचा तक्ता आखला. म्हणजे आज कोट्यवधी लोक खेळत असलेल्या या खेळाचा पाया एका साध्या सवयीवर उभा आहे: सामना संपल्यावर कोणी काय केले, ते नावानिशी लिहून ठेवणे. ही सवय नसेल तर कागदी संघ उभाच राहत नाही. आणि खरा संघ उभा राहणेही फार अवघड होते. त्याकडे मी पुढे येतोच.

उचल आणि खेळ

मधल्या काळात या खेळात पैसा आला. २००८ साली सुरू झालेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ने २०२० मध्ये आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व घेतले आणि २०२३ मध्ये ते नाव भारतीय संघाच्या छातीवर झळकले. हा कौशल्याचा खेळ आहे, असे कंपन्या सांगत होत्या आणि काही उच्च न्यायालयांनी ते मान्यही केले होते. कौशल्य त्यात आहेच. चौदा-पंधरा वर्षे वही लिहिल्यावर मी ते नाकारू शकत नाही. पण आपल्या जिल्ह्यात पैशाच्या या खेळाने काय केले, ते सांगायला ऊसतोडीचा शब्दच बरा. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर माणूस त्या उचलीत अडकतो. मोबाइलवरच्या स्पर्धांतही आधी फुकटचा बोनस मिळत असे. माझ्या परिचयाच्या एका तरुणाने त्या बोनसामागे जाऊन घरची कापसाची पट्टी गमावली. घरी कळले ते खताच्या दुकानात उधारी मागायची वेळ आली तेव्हा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. बंदीने सट्टा संपत नाही, तो चोरवाटेने जातो, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि माझा आक्षेप आणखी वेगळा आहे. पैशाच्या खेळात संघ रोज नवा. आज घेतलेला खेळाडू रात्री संपला. त्याचे पुढे काय होते, दुखापतीतून तो कसा उठतो, याच्याशी आपला संबंध उरत नाही. आमच्या वहीत खेळाडू हंगामभर आपला असतो. तो शून्यावर बाद झाला तरी पुढच्या रविवारी त्याची चौकशी करावी लागते. कायदा आला तेव्हा ‘आता खेळ संपला’ अशी हळहळ मी बऱ्याच जणांकडून ऐकली. आम्ही मात्र पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे बसलो. कारण आमच्याकडे संपण्यासारखे काही नव्हते.

हलगीवाल्याची साक्ष

एप्रिल २०१८ मध्ये पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात कुस्तीचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी भुवनेश्वरला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा आमच्या वाहक मित्राने एक प्रश्न टाकला. बारा जणांच्या संघांत मिळून एकशे ऐंशी खेळाडू. त्यांत आपल्या जिल्ह्याचा एक तरी आहे का? नव्हता. मग नियम केला: प्रत्येक संघात दोन खेळाडू बीड जिल्ह्याचे हवेत, खेळ कोणताही चालेल. कुस्ती चितपट केली तर दहा गुण, गुणांवर जिंकली तर पाच. तालुका पातळीवर कबड्डीच्या यशस्वी चढाईला एक, असे दर ठरले.

लिलावात आवारे आणि साबळे पहिल्या पाच मिनिटांत गेले. पुढची नावे सांगता येईनात, कारण ती कोठेच लिहिलेली नव्हती. आमच्याकडे खेळ कमी आहे म्हणून असे झाले नाही. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत दुपारभर हलगी वाजत असते. एका गावी मागच्या वर्षीची शेवटची कुस्ती कोणी मारली, असे विचारले. जत्रा कमिटीकडे वर्गणीची वही होती. कोणी किती रुपये दिले, त्याची वीस वर्षांची नोंद अचूक. मल्लांची नोंद शून्य. शेवटी नाव सांगितले ते हलगीवाल्याने. त्याला डावही आठवत होता.

टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे तेच. फलकावर नेत्यांचे डझनभर फोटो असतात, बक्षिसाची मोटारसायकल फुलांनी सजलेली असते, माइकवरून षटकागणिक जयघोष चालतो. दुसऱ्या दिवशी विचारा, कोणी किती बळी घेतले? गुणलेखकाने ज्या कागदावर लिहिले तो कागद मंडपाबरोबरच गेलेला असतो.

म्हणून आम्ही दुसरी वही घातली. आमच्या बाराजणांपैकी जो ज्या गावी जाईल त्याने तिथला निकाल लिहून आणायचा: नाव, गाव, वय, खेळ, काय केले. आज त्या वहीत शेकडो नावे आहेत, आणि ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते. पावसाळ्यात शाळांच्या तालुका स्पर्धांत चमकलेली काही नावे दिवाळीनंतर एकदम गायब होतात. चौकशी केली, की उत्तर ठरलेले: आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोयता चालू असताना इथे पुढच्या फेरीच्या निवडी होऊन जातात. मार्चनंतर पोरगा परत येतो तेव्हा त्याचे वय एका वर्षाने वाढलेले असते आणि तो चांगला खेळत होता हे सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो. गेल्या काही वर्षांत दोन-तीन मुले निवडचाचणीला जाताना आमच्या वहीच्या पानाची झेरॉक्स घेऊन गेली. त्या पानावर कोणाचा शिक्का नाही. तरीही तेवढाच पुरावा त्यांच्याजवळ होता.

लिहिलेले उरते

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर कसोटी एकदाही खेळले नाहीत. तरी त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासातून कोणी पुसू शकत नाही, कारण त्या दिवशी मैदानाबाहेर बसून कोणीतरी प्रत्येक धाव लिहीत होते. मुंबईचे आनंदजी डोसा यांच्यासारख्या माणसांनी आकडे जपण्यात हयात घालवली, तीही मैदानाबाहेर बसूनच. खेळाडू घडवणाऱ्यांइतकेच खेळ लिहून ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे असते.

आपल्या जिल्ह्याची माणसे मात्र बहुधा दुसऱ्यांच्या नजरेत आधी भरली. साबळे बारावीनंतर लष्करात गेले, सियाचीनला राहिले आणि लष्करातल्या शर्यतींतून पुढे आले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्यांचे सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकले. १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे जात होती, ती परंपरा त्यांच्या रौप्याने तुटली. पुढच्याच वर्षी हांगझोऊला ते आशियाई विजेते झाले. आवारे यांना घडवले ते पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार मामांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारत ४ बाद ३२ असा कोसळला असताना बीडच्या सचिन धस यांनी ९६ धावा काढून दक्षिण आफ्रिकेकडून सामना खेचून आणला. दुसऱ्या दिवशी टपरीवर प्रश्न होता: हा कोणत्या मैदानावर खेळायचा?

पदक मिळाल्यावर मिरवणूक काढायला आपण कमी पडत नाही. त्या आधीच्या दहा वर्षांत मात्र तो मुलगा आपल्याकडे एका रुपयालाही कोणी घेत नाही. कागदी संघाच्या मालकाला कळते ते जिल्ह्याला कळू नये?

बीड जिल्ह्यात तालुके अकरा. संघात खेळाडूही अकराच असतात. प्रत्येक तालुक्याला एक जाड वही आणि ती लिहिणारा एक निवृत्त शिक्षक किंवा शिकणारा मुलगा, एवढाच खर्च आहे. जत्रा कमिटीने वर्गणीच्या वहीची शेवटची दहा पाने मल्लांसाठी राखावीत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी फलकावरचा एक फोटो कमी करावा आणि त्या पैशात धावफलक छापून गावात लावावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाच्या हाती शाळेने निघताना त्याच्या खेळाची नोंद सहीशिक्क्यानिशी द्यावी, आणि तो परतेल तेव्हा, एप्रिलमध्ये, त्याच्यासाठी एक चाचणी ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठे मैदानही लागत नाही.

आमच्या लिलावाचा पुढचा हंगाम जवळ आला आहे. औषध दुकानदाराने केज तालुक्यातल्या एका चौदा वर्षांच्या धावपटूसाठी आतापासूनच अकरा रुपये राखून ठेवल्याचे कळते. मोटारवाल्याने बारा बोलायची तयारी केली आहे.