घर आमचे, किल्ली परक्याच्या कनवटीस

पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाराची होते, हा व्यवहार आठवडेबाजारातील निरक्षर गिऱ्हाइकासही ठाऊक असतो. तो विसरला आहे आमचा सुशिक्षित वर्ग. पंधरा-वीस हजार रुपये मोजून तो स्मार्टफोन घरी आणतो, आणि त्या यंत्राच्या आतल्या खोलीत जाण्यास खुद्द मालकासच मज्जाव आहे असे कळले तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नाही. उलट, जो कोणी ती खोली उघडू पाहतो तो त्यास उपद्व्यापी, किंबहुना चोर वाटतो. ही समजूत आम्हांस सर्वस्वी चुकीची वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची संगणकप्रणाली जन्मास आली. एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. म्हणून प्रत्येकास मर्यादित अधिकार देऊन सर्वाधिकार एका खात्याकडे ठेवण्यात आला. त्या खात्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. त्याच वळणावर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा पाया घातला, आणि २००८ पासून बाजारात आलेले अँड्रॉइड फोन त्याच पायावर उभे आहेत. तेव्हा ते मूळ खाते आमच्या खिशातल्या फोनातही आहेच. मात्र त्याचा अधिकार विकणाराने आपल्याकडे राखला आहे. तो हस्तगत करणे यासच 'फोन रूट करणे' असे म्हणतात.

यातील विपर्यास पाहण्याजोगा आहे. लिनक्सचा परवाना असा की तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी. परंतु फोन सुरू होताच बूटलोडर नावाचा पहारेकरी जागा होतो, आणि कुलूपबंद फोनात कंपनीची मोहर नसलेली संहिता तो आत येऊ देत नाही. ग्रंथ वाचण्यास मोकळीक, त्यात दुरुस्ती करण्यासही मोकळीक. मात्र दुरुस्त प्रत स्वतःच्या घरात ठेवण्याची मनाई! या औदार्यास काय म्हणावे?

हा केवळ तंत्रज्ञांचा वाद आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आपल्या भाषेचाच अनुभव आठवावा. २०११ च्या अखेरीस अँड्रॉइडची चौथी आवृत्ती आली. त्यापूर्वी कित्येक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अक्षरे उमटलीच तर जोडाक्षरे फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी. कित्येकजण ऑपेरा मिनी या ब्राउझरात एक युक्ती करून मराठी मजकूर चित्ररूपाने वाचीत. ज्यांस याहून अधिक हवे होते त्यांनी फोन रूट केला आणि आतल्या दालनात देवनागरी फाँट स्वहस्ते बसविला. मातृभाषा वाचण्याकरिता ज्यास कुलूप काढावे लागले तो चोर, की ज्याने कुलूप घातले तो?

अहिल्यानगरजवळील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लहान कारखानदारास विचारावे: 'साधा लेथ विकताना कोणी अट घातली की गिअरपेटीचे झाकण तुम्ही उघडावयाचे नाही, तर घ्याल काय?' तो हसेल. परंतु तोच गृहस्थ संध्याकाळी आपल्या फोनात न मागता आलेली आणि काढू गेल्यास न निघणारी अ‍ॅप पाहून मुकाट बसतो. लोखंडाच्या बाबतीत जी अक्कल आम्ही शाबूत ठेवली, ती काचेपुढे का गहाण पडावी?

आक्षेपकांचे पहिले म्हणणे सुरक्षिततेचे आहे. रूट केलेल्या फोनात घातकी अ‍ॅप शिरले तर अधिक नासधूस करील, हे खरे. अनोळखी साधनांनी फोन रूट करणे धोक्याचे, हेही खरे. परंतु धोका हे किल्ली हिरावून घेण्याचे कारण नव्हे, इशारा देण्याचे आहे. गूगलच्या पिक्सेल फोनांत सामान्यतः मालकास कुलूप काढता येते. ते काढताना आतील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून चोराच्या हाती काही लागत नाही. सुरक्षितता आणि मालकी एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा. उलट हुआवेने २०१८ साली कुलूप काढण्याचे संकेतांक देणेच बंद केले.

दुसरे म्हणणे बँकांचे. रूट केलेल्या फोनावर अनेक बँकांची अ‍ॅप चालत नाहीत. परंतु त्याच बँका घरच्या संगणकावरून पैसे पाठवू देतात, आणि तेथे सर्वाधिकार मालकाच्याच हाती असतात! जो मनुष्य मेजावर विश्वासू, तो खिशात हात घालताच संशयित कसा ठरतो, हे कोडे आम्हांस उलगडत नाही.

कोणी म्हणेल, कंपन्या आपले हितच पाहतात. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या क्षेत्रातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही आदेश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला. आणि कंपन्याच कशाला? २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालण्याचे फर्मान काढले; ओरड होताच ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली. हेतू चांगला असेलही. परंतु ज्या घराची किल्ली मालकापाशी नाही, त्यात आज कंपनी शिरते, उद्या सरकार शिरेल. मालकाने फक्त ओरडावे!

अमेरिकेत २०१० सालीच फोनचे असे कुलूप काढण्यास प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली. आमच्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. तो विचार पडदा आणि बॅटरी यांपाशी थांबू नये. मागणाऱ्या प्रत्येक मालकास कंपनीने किल्ली द्यावी. कुलूप काढले एवढ्या सबबीवर पडद्याची वा बॅटरीची हमी नाकारू नये. आणि किल्ली द्यावयाचीच नसेल तर तसे विक्रीपूर्वी ठळक अक्षरांत छापावे.

प्रत्येकाने फोन रूट करावा, असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांस त्याची गरजही पडणार नाही. परंतु घराचे मागले दार रोज न उघडणारा मनुष्यही त्याची किल्ली शेजाऱ्याच्या कनवटीस राहू देत नाही. किल्ली न मागता नुसते घर घेणारास लोक भाडेकरू म्हणतात. आणि आम्ही तर पुरती किंमत मोजलेली आहे.