कमी पाण्याचं झाड आणि आपली सुट्टी



सुट्टीची तिकिटं निघायला लागली की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "दोन महिने घर बंद राहणार, कुठलं झाड ठेवू?" उत्तरही ठरलेलं, "जेड घे, त्याला काही करावं लागत नाही." हे उत्तर अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते मला महागात पडलंय.

मार्च २०२० च्या सुरुवातीला मी तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेलो. १३ मार्चला कुवेतची प्रवासी विमानं बंद झाली. १ ऑगस्टला सुरू झाली, तर भारतातून थेट येणाऱ्यांना बंदी! शेवटी दुबईत १४ दिवस काढून डिसेंबरात साल्मियाला पोचलो. बाल्कनीतल्या जेडच्या तीन कुंड्यांना शेजारच्या मल्याळी आंटी रोज न चुकता पाणी घालत होत्या. तिन्ही मुळापासून सडल्या. चौथं, जुनं जाड खोडाचं, बेडरूमच्या पडद्याआड राहून गेलेलं. नऊ महिने थेंब नाही. इमारतीचा सेंट्रल एसी चालू होता, तेवढंच काय ते सुख. पानं मनुकेसारखी, निम्मी गळलेली, पण खोड टणक. (आंटींना मी उन्हाने गेली असंच सांगितलंय. त्या मराठी वाचत नाहीत म्हणून इथे लिहितोय.)

चूक आंटींची नाही, सांगून न जाणाऱ्या माझी. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, आपल्या पानफुटीच्याच कुळातलं. ही मंडळी दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतात, म्हणून पाणी वाचतं. पण कुवेतमध्ये जुलैत गारवा आणायचा कुठून? मध्यरात्रीही पारा तिशीच्या वरच. मित्रिबाला २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश नोंदले गेले, आठवतंय ना? अशा दिवसांत झाड वाढ थांबवून झोपी जातं. झोपलेल्याच्या घशात पाणी ओतलं तर काय होणार? तापलेल्या कुंडीत ओली मुळं शिजतात नि कुजतात.

म्हणजे इथलं कॅलेंडर उलटं. नोव्हेंबर ते मार्च हे त्याचे खरे दिवस. तेव्हा ऊन द्या, माती पूर्ण सुकली की भरपूर पाणी द्या, कुंडीखालची ताटली रिकामी करा. मे ते सप्टेंबर बाल्कनीतून आत, उजेडाच्या खिडकीत, आणि पानं मऊ पडली तरच थोडं पाणी. अल राईच्या नर्सरीतलं झाड बहुधा नुसत्या भुसभुशीत काळ्या मातीत असतं, ती ओल धरून ठेवते. निम्मी जाड वाळू मिसळा. समुद्रावरची नको हं, खारट असते! धुळीचं वादळ येऊन गेलं की पानं ओल्या फडक्याने पुसा. लोक नेमकं हेच विसरतात.

तेव्हा "काही करावं लागत नाही" म्हणून झाड घेणार असाल तर प्लास्टिकचं घ्या बुवा, स्वस्त पडेल. खरं घेणार असाल तर सुट्टीला जाताना किल्ली देताना शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा, "पाणी घालू नका." वाईट वाटतं सांगायला, ते प्रेमाने करतात. पण सांगा.

त्या चौथ्या झाडाला आता बऱ्याच फांद्या आहेत. कुणाला हवी असेल तर नोव्हेंबरात कळवा. कापलेली फांदी चार-पाच दिवस सावलीत सुकवून मगच लावायची, एवढी एकच अट.